ग्लॅडनेस कोण?

शनिवारी सकाळी नोमालिझो आत्या त्सोमो गावाहून येणाऱ्या पहिल्या शेअर टॅक्सीतून कोमानी शहरात उतरली, तेव्हा तिच्या पिशवीत पाय बांधलेली एक कोंबडी होती आणि गुरुवारच्या वर्तमानपत्राचं चारदा घडी घातलेलं पान होतं. कोंबडी सुनेसाठी आणली होती. पान भाच्यासाठी.

आत्या वर्तमानपत्र मागून वाचते. आधी निधनवार्ता, मग मेलेल्यांच्या मालमत्तेच्या नोटिसा, आणि त्यातून वेळ उरलाच तर देशाचा कारभार. गावच्या अंत्यविधी मंडळाची ती अकरा वर्षं चिटणीस आहे, त्यामुळे कोण गेलं हे तिला इतरांच्या आधी कळावं लागतं. गुरुवारी नोटिसांच्या रांगेत 'फेझिले मापुमा' हे नाव दिसलं तेव्हा तिने चष्माच काढून ठेवला. आपल्या दिवंगत भावाचा एकुलता एक मुलगा गेला आणि आपल्याला वर्तमानपत्रातून कळतंय, असं तिला वाटलं. मग चष्मा पुसून तिने पुढचं वाचलं. फेझिले जिवंत होता. त्याने त्याहून वाईट काहीतरी केलं होतं.

'फेझिले मापुमा व ग्लॅडनेस मापुमा, एकमेकांशी सामाईक मालमत्ता पद्धतीने विवाहबद्ध, हे आपल्या विवाहाची मालमत्ता पद्धत बदलून मिळावी म्हणून मखांडा येथील उच्च न्यायालयात अर्ज करणार आहेत. कोणाची हरकत असल्यास...'

हरकत होती. फेझिलेचं लग्न नोसाखेलेशी झालं होतं. सतरा वर्षांपूर्वी, सगळ्या त्सोमोच्या देखत. नवी सून घरात आली की सासरची माणसं तिला नवं नाव देतात, तसं 'नोसाखेले' हे नाव आत्यानेच तिला दिलं होतं. 'आमच्यासाठी बांध' असा त्याचा अर्थ, आणि पोरीने अर्थ राखला होता. मग ही ग्लॅडनेस कुठली?

आत्याने धाकट्या भावाला, बोनिसिलेला, फोन केला. बोनिसिले काका फोनवर गप्प राहून बोलणारा माणूस. बऱ्याच वेळाने म्हणाला, "ईस्टरला तो गाडीत फोनवर बोलत होता. 'हो ग्लॅड, निघालोच' म्हणाला. मला वाटलं ऑफिसातलं कोणी असेल."

"आणि तू मला आत्ता सांगतोस?"

"तू आत्ता विचारलंस."

तर आता साडेदहा वाजले होते आणि कोमानीतल्या घराच्या पुढच्या खोलीत सगळे बसले होते. काका मोठ्या खुर्चीत, कोट न काढता. आत्या सोफ्याच्या मधोमध, म्हणजे शेजारी कोणाला बसता येऊ नये अशी. फेझिलेची आई मादलोमो खिडकीपाशी, विणकाम मांडीवर घेऊन. आणि समोर फेझिले, नगरपालिकेच्या पाणी खात्यातला चव्वेचाळीस वर्षांचा साहेब, शाळेत बोलावून घेतल्यासारखा, गुडघ्यांवर हात ठेवून. नोसाखेलेला आत्याने आल्याआल्या कोंबडी देऊन स्वयंपाकघरात पाठवलं होतं आणि मधलं दार स्वतः लोटलं होतं. बिचारीच्या कानावर पडायला नको.

"फेझिले," आत्या म्हणाली, "तुला या घरात काही कमी पडलंय का?"

"नाही आत्या."

"बायको वाईट आहे?"

"नाही."

"स्वयंपाक येत नाही तिला? आईचं करत नाही? गेल्या जूनमध्ये माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तीन आठवडे माझ्याजवळ कोण झोपलं, तू?"

"नोसाखेले झोपली."

"मग मला एवढंच सांग." आत्याने पान उलगडून मधल्या टेबलावर ठेवलं आणि त्या ओळीवर बोट टेकवलं. "ही ग्लॅडनेस कोण?"

फेझिलेने वाकून वाचलं. त्याला वाटत होतं की भावकीत कोणाचं तरी भांडण मिटवायला बोलावलंय, किंवा आत्याला मंडळासाठी तंबू हवा असेल. हा प्रश्न इतका सोपा होता की त्यात काही फास असेल असं त्याला वाटलंच नाही.

"ग्लॅडनेस?" तो म्हणाला. "माझी बायको."

मादलोमोच्या सुया थांबल्या.

"कबूल करतोय," काका आढ्याकडे बघत म्हणाला.

"आईच्या तोंडावर सांगतोय," आत्या म्हणाली. "लाज तरी कुठे आहे बघ. अरे, तुझ्या बापाने दोन बायका केल्या असत्या तर आधी येऊन आम्हाला विचारलं असतं. आणि तू वर्तमानपत्रात छापतोस?"

"आत्या, थांबा. ग्लॅडनेस म्हणजे नोसाखेलेच."

"तिचं नाव यात ओढू नकोस."

"ओढत नाहीये. तेच तिचं..."

"त्या ग्लॅडनेसला सांग," आत्याचा आवाज आता दाराबाहेर जाण्याइतका चढला होता, "त्या ग्लॅडनेसला म्हणावं, मापुमांच्या घरात यायचं असेल तर आधी माझ्यासमोर ये. ऐकलंस? ग्लॅडनेसला बोलाव."

स्वयंपाकघरात नोसाखेले दुपारच्या पावाचं पीठ मळत होती. ती आठवड्याला साठ पाव भाजते. शनिवारच्या अंत्यविधींना, शाळेच्या जेवणाला, चर्चच्या बायकांना. घरातल्या एका ओव्हनमधून साठच निघतात, एकसष्टावा निघत नाही. आत्या पोचल्यापासून सगळे कुजबुजत होते आणि आपल्यालाच बाहेर ठेवलंय, हे तिच्या लक्षात आलं होतं. तिने त्याचा हिशोब मनात मांडून पाहिला, पण उत्तर आलं नव्हतं.

मग दारापलीकडून कोणीतरी तिला हाक मारली. तिच्या आईने ठेवलेल्या नावाने, मिशनच्या दवाखान्यात दाखल्यावर लिहिलेल्या नावाने. या घरात सतरा वर्षांत त्या नावाने हाक आली नव्हती. फेझिले एकांतात 'ग्लॅड' म्हणे तेवढंच. विचार करायच्या आत तिने लहानपणी द्यायची तशी ओ दिली.

"आले."

आणि कोपरापर्यंत पीठ लागलेल्या हातांनी ती पुढच्या खोलीत येऊन उभी राहिली. डोक्याचा रुमाल सारखा करायला हात मोकळा नव्हता.

आत्याने तिच्याकडे पाहिलं. मग फेझिलेकडे. मग वर्तमानपत्राकडे.

"तू?" ती म्हणाली.

"हो आत्या."

"ग्लॅडनेस तू?"

"ओळखपत्रावर आहे. लग्नाच्या दाखल्यावरही आहे."

आत्याने भावाकडे मोर्चा वळवला. "बोनिसिले, हिच्या घरी बोलणी करायला तू गेला होतास ना? मग मुलीचं नाव विचारलं नाहीस?"

"आम्ही भेलेंची मुलगी मागितली," काका म्हणाला. "त्यांनी भेलेंची मुलगी दिली. नावाचा विषय निघाला नाही."

पहिल्यांदा हसली ती मादलोमो. तोंडावर विणकाम धरून, खांदे हलवत. मग फेझिले हसला, मग काकाही कोटाच्या आत कुठेतरी हसला. नोसाखेलेला हसावं की रडावं कळेना. आपल्याचसाठी ही माणसं आपल्याच विरुद्ध एवढ्या लांबून आली होती.

आत्या मात्र हिशोबात पक्की. हसणं संपेपर्यंत थांबली आणि बोट पुन्हा त्याच ओळीवर आलं.

"ठीक आहे. सवत नाही. मग हे काय आहे? मालमत्ता वेगळी कशाला करताय? वेगळं राहायचंय तुम्हाला?"

खोलीतलं वारं असं फिरलं. पाच मिनिटांपूर्वी जिच्या बाजूने तीन माणसं होती तिच्या बाजूने आता एकही नव्हतं. फेझिलेसुद्धा चपलेकडे बघत होता, कारण आईला सांगायचं काम त्याने दोन महिने पुढे ढकललं होतं.

"बोल ना," नोसाखेले त्याला म्हणाली. मग इतरांकडे पाहून "बोला ना," अशी दुरुस्ती केली.

"तूच सांग. तुला नीट येतं."

ती पिठाचे हात समोर धरून जमिनीवर बसली. "आत्या, लग्नाची नोंद करायला आम्ही कचेरीत गेलो तेव्हा कारकुनाने विचारलं, आधी काही करार केलाय का. आम्ही नाही म्हणालो. करार केला नसेल तर कायदा दोघांचं सगळं एकच धरतो. हे घर, गाडी, माझा ओव्हन, यांचा पगार, त्सोमोची गुरं. सगळ्याचं एक गाठोडं. माझं काय नि यांचं काय, असं काही नाहीच."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं आहे. पण कर्जही गाठोड्यातच जातं. स्टेशनमागचं म्लाम्बोंचं दुकान रिकामं झालंय. तिथे मला बेकरी टाकायची आहे. मोठा ओव्हन, चार बायका कामाला. बँक कर्ज देते. पण बेकरी बुडाली तर बँक गाठोड्याला हात घालणार. हे घर नेईल. आई कुठे जातील? तुमच्याकडची अकरा गुरं नेईल, काका."

"गुरं?" काकाने पहिल्यांदा कोटाचं बटण काढलं.

"तीही. म्हणून कोर्टाला सांगायचं की आम्हाला आता वेगवेगळं करून द्या. लग्नानंतर असं आपल्या मर्जीने करता येत नाही, न्यायाधीशाला कारण पटावं लागतं. आणि कोणाला फसवायला करत नाही हे दाखवावं लागतं. ज्यांचं आपण देणं लागतो त्यांना पत्रं पाठवायची, वर्तमानपत्रात छापायचं. म्हणून ती नोटीस. कोर्ट हो म्हणालं की नोटरीसमोर करार होतो. मग घर आणि गुरं यांची. बेकरी आणि कर्ज माझं. बुडाले तर मी एकटी बुडेन."

काका मान हलवायला लागला होता. गुरांच्या बाजूने एक मत पडलं, एवढं आत्याला दिसलं. तिने स्वतःचं मत अजून राखून ठेवलं.

"कागद आहे का?" मादलोमोने विचारलं.

फेझिलेला आईचा हा आवाज माहीत होता. लोकांचे कपडे धुऊन पोरं वाढवताना मालकिणी पैसे कमी द्यायच्या तेव्हा ती याच आवाजात बोलायची.

"वकीलबाईंनी मसुदा दिलाय," तो म्हणाला. "सोमवारी प्रतिज्ञापत्रावर सह्या करायच्या आहेत."

"आण. वाच मला. आपल्या भाषेत सांग."

तो वाचत गेला, अडला तिथे नोसाखेलेने सांगितलं. मादलोमो सुया चालवत ऐकत होती. कोणती वस्तू कोणाची, ती यादी दोनदा वाचायला लावली. मग वाकून त्याच्या हातातलं पान पाहिलं.

"चौथ्या कलमावर काट मारलीय. का?"

फेझिलेने पान पाहिलं. खरंच काट होती, पेनाने, सरळ. त्याने ती पाहिलीच नव्हती, वाचताना तो तसाच पुढच्या कलमावर गेला होता. पाणी खात्यात तो दिवसाला शंभर कागदांवर न वाचता सही करतो.

"ते मी खोडलंय," नोसाखेले म्हणाली.

"काय होतं त्यात?"

"वाढीचा हिस्सा, आई. वकीलबाई म्हणाल्या, वेगवेगळं करायचे दोन प्रकार आहेत. एकात सगळं तोडूनच टाकायचं, तुझं तुझं, माझं माझं, शेवटपर्यंत. दुसऱ्यात लग्न चालू असेपर्यंत वेगळं, पण कोणी एक गेलं किंवा घटस्फोट झाला की दोघांचं किती वाढलं ते बघायचं. ज्याचं जास्त वाढलं त्याने फरकातलं निम्मं दुसऱ्याला द्यायचं."

"आणि तू पहिला प्रकार घेतलास."

"हो."

"हे घर बांधताना विटा कोणी आणल्या?"

नोसाखेलेने बोटांवरचं पीठ खरवडलं.

"मी विचारतेय. निम्म्या विटा हिच्या पावांच्या आहेत, मी मोजल्यात. आणि कागद काय म्हणतो? घर फेझिलेचं. उद्या तो गेला, किंवा डोकं फिरून खरंच कोणी दुसरी आणली, तर हिच्याकडे काय? एक ओव्हन आणि बँकेचं कर्ज."

"हिस्सा मागितला असता तर सगळे म्हणाले असते, हिस्सा मागते," नोसाखेले म्हणाली. आत्याकडे तिने पाहिलं नाही, पण आत्याने पाहिल्यासारखं तोंड फिरवलं.

मादलोमोने विणकाम खाली ठेवलं. "माझा नवरा गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी मोठे दीर आले. काठीने गुरं मोजली नि घेऊन गेले. वारस म्हणे भाऊच. मला एक ब्लँकेट दिलं. कुंपणाचं फाटक कोणी उघडलं होतं, बोनिसिले?"

काका म्हणाला, "मी."

"तू लहान होतास. मी तो विषय कधी काढला नाही, आजही काढायला नको होता. पण मला त्या दिवशी कोणी विचारलं नव्हतं, आणि माझ्या बाजूने लिहिलेला एकही कागद नव्हता. माझ्या सुनेने हातात पेन घेतलं, आणि पहिली काट मारली ती स्वतःच्या नावावर. ते कलम परत घाला."

"आई, त्याने घर पुन्हा धोक्यात येईल," नोसाखेले म्हणाली.

"येईल का?" आईने मुलाला विचारलं.

फेझिलेने पान जवळ धरलं आणि खोडलेल्या ओळी बोटाने वाचल्या. त्याला वेळ लागला. "नाही येणार," तो शेवटी म्हणाला. "लग्न चालू आहे तोवर त्या हिश्श्याला बँक हात लावू शकत नाही, असं लिहिलंय इथे. आणि दोघांची सुरुवात शून्यापासून धरली तर घरही वाढीत येतं. तेही लिहिता येतं. वकीलबाई बोलल्या होत्या. मी ऐकत नव्हतो."

"मसुदा बदलला तर नोटीस पुन्हा द्यावी लागेल," नोसाखेले म्हणाली. "पत्रं पुन्हा पाठवायची. सहा आठवडे. म्लाम्बो महिनाअखेरपर्यंतच थांबणार आहेत, मोबाइल दुरुस्तीवाला पैसे घेऊन उभा आहे. दुकान जाईल. दोन वर्षं मी त्या दुकानाकडे बघतेय. सोमवारी आहे तसं सही करू. बाकीचं मग बघू."

"मी सोमवारी सही करणार नाही," फेझिले म्हणाला.

"फेझिले." सगळ्यांदेखत नवऱ्याचं नाव तोंडातून गेलं होतं आणि तिला त्याचं भान नव्हतं. "तू दोन महिने आईला सांगायला घाबरलास. ते मी चालवून घेतलं. आता हेही?"

"या कागदावर नाही करणार. कलम असलेल्यावर करेन."

"आणि दुकान?"

फेझिले मसुद्याची पानं सारखी करू लागला. ती उठली, हातावरचं पीठ वाळून तडकलं होतं, आणि स्वयंपाकघरात निघून गेली. दार तिने स्वतः लोटलं.

खोलीत चौघे उरले आणि चौघेही एकाच बाजूला होते. तिच्या. उपयोग मात्र शून्य.

काकाने कोटाचं बटण पुन्हा लावलं. "म्लाम्बो कुठल्या कुळीचा?"

"काय?"

"कुळी विचारतोय. राहतो कुठे? घरात म्हातारी बाई आहे का?"

आत्याने भावाकडे निरखून पाहिलं. लहानपणापासून ती त्याला ओळखते आणि त्याच्या मनात काय आहे हे तिला त्याच्या आधी कळतं. "तू मागणी घालायला निघालास," ती म्हणाली. "दुकानाला."

"रीत तीच. फाटकाशी उभं राहायचं. आत या म्हणेपर्यंत जायचं नाही. आकडा आपण बोलायचा नाही."

"तुला एकट्याला पाठवलं तर नावही न विचारता येशील. मी येते." आत्या गुडघा धरत उठली, शाल खांद्यावर घेतली. फेझिले गाडीची किल्ली घेऊन उठला तसं तिने किल्ली काकाच्या हातात दिली आणि त्याला खाली बसवलं. "नवरामुलगा बोलणीला जात नाही."

"आत्या, मी नवरामुलगा नाहीये यात."

"मग तर अजिबातच नाही."

ते गेले. मादलोमो स्वयंपाकघरात गेली आणि कोंबडी कापून तिची पिसं काढायला बसली. नोसाखेले पावाचे साचे भरत होती. सासू म्हणाली, "पीठ घट्ट झालंय."

"रागात मळलंय."

"मग आज पाव चिवट होतील. ज्याच्या अंत्यविधीला जातील त्याला कळणार नाही."

नोसाखेले हसली, इच्छा नसताना.

दोन तासांनी गाडी दाराशी थांबल्याचा आवाज आला. काका आणि आत्या आत येऊन आपापल्या जागी बसले. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. बोलणी करून आलेली माणसं लगेच काही सांगत नाहीत, आधी चहा मागतात, मग हवापाणी बोलतात. काकाने चहा मागितला. साखर मागितली. रस्त्याला खड्डे फार झालेत असं म्हणाला. नोसाखेले दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, आणि फेझिले तिच्या बाजूला, हातभर अंतरावर.

"सहा आठवडे," काका शेवटी म्हणाला. "दिले."

नोसाखेलेने बोटांवर आठवडे मोजले.

"सहज नाही दिले," आत्या म्हणाली. "तासभर फाटकाशी उभं केलं. कुळी विचारली, मग त्याच्या आईची कुळी निघाली आमच्या गावची. मग आत घेतलं. मोबाइलवाल्याला तो उद्या फोन करणार आहे. आणि दर शनिवारी दोन पाव त्याच्या बायकोला. ती जिवंत असेपर्यंत. ते मी कबूल केलंय, विचारायला वेळ नव्हता."

"तिचं वय काय?" मादलोमोने विचारलं.

"तेही मी बघून घेतलं. फार नाही जाणार पाव."

"आणि काय म्हणाले ते?" नोसाखेलेने विचारलं.

"त्याला एकच शंका होती," काका म्हणाला. "म्हणाला, बुडाली तर भाडं कोणाकडे मागू? मी सांगितलं, तिच्याकडे. फक्त तिच्याकडे. कोर्टाचा कागद येतोय. मापुमांच्या घराकडे नि गुरांकडे बघायचं नाही."

"बरोबर सांगितलंत."

"मग त्याने विचारलं, आणि चालली तर? जोरात चालली तर कोणाची?" काकाने बहिणीकडे बोट केलं. "हिने उत्तर दिलं."

"काय सांगितलंत, आत्या?"

"काय सांगणार?" आत्या चहात बिस्किट बुडवत म्हणाली. "म्हटलं, चालली तर आमची."

मादलोमोला ठसका लागला. नोसाखेले पुढे आली, रिकामी बशी उचलली आणि आत्यासमोर बसली, सतरा वर्षांत बसली नव्हती इतकी जवळ.

"निम्मी, आत्या," ती म्हणाली. "फार तर निम्मी. आणि तीही हे गेल्यावर."

"एवढीच?" आत्याने फेझिलेकडे पाहिलं, वरून खाली, टॅक्सीतला माल जोखावा तसं. "आणि हा अजून किती वर्षं काढेल असं डॉक्टर म्हणतात?"

"मी इथेच उभा आहे," फेझिले म्हणाला.

"दिसतोयस," आत्या म्हणाली. "बस. चहा घे. उभं राहून माणूस लवकर झिजतो."